नंबरप्लेट छान आली होती

स्थळाला पाठवायच्या फोटोत स्कूटर घालायची कल्पना माझी होती. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे कंपनीत ही गोष्ट सांगताना लोक ती भीमराजच्या नावावर खपवायला लागले, आणि भीमराज असा की कधी काही खोडून काढत नाही.

साल सत्त्याहत्तर. आम्ही दोघं आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात. मी इन्स्पेक्शनला, म्हणजे दिवसभर हातात व्हर्नियर आणि जिभेवर 'रिजेक्ट'. भीमराज लाइनच्या टोकाला, टेस्टिंगला. तयार स्कूटर पुढे आली की तो किक मारायचा, मान जराशी कलती करायचा आणि ऐकायचा. मग हळूच म्हणायचा, "मागचं बेअरिंग बघा." गाडी उघडली की नेमकं तेच निघायचं. मला जे मोजून कळायचं ते याला नुसतं ऐकून कळतं, याचा मला खरं सांगायचं तर थोडा रागच यायचा.

एका शिफ्टमध्ये एवढ्या स्कूटर हाताखालून जायच्या आणि घरी मात्र आम्ही सायकलवर. मी पिंपळे गुरवला, तो संत तुकाराम नगरला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बुकिंग केलं की नंबर लागायला इतकी वर्षं जायची की पोरगा जन्मला की त्याच्या लग्नासाठी स्कूटर बुक करावी, असं आमच्यात गमतीने म्हणत. भीमराजनेही बुकिंग केलं होतं आणि शांतपणे वाट बघत होता.

मला मात्र वाट बघणं जमत नाही. त्या दिवाळीला मी एका निवृत्त होणाऱ्या फोरमनकडून जुना कॅमेरा घेतला. एकावर एक दोन भिंगं असलेला, वरून वाकून बघायचा, आणि बघताना डावं उजवीकडे दिसायचं. एका रोलवर बारा फोटो. शिकवणी लावली चिंचवडच्या दत्तोबांकडे. त्यांचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, तळं आणि हंस रंगवलेला एक पडदा आणि साठीला आलेले स्वतः दत्तोबा, जे बोलायचे कमी आणि चष्मा पुसायचे जास्त.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात एक पुठ्ठा दिला. मधोमध चौकोनी भोक पाडलेला.

"महिनाभर यातून बघायचं. कॅमेरा घरी ठेवायचा."

"काय बघू?"

"काय नको ते बघ. फोटोत काय घ्यायचं हे कुणालाही कळतं. काय सोडायचं ते कळायला वेळ लागतो."

सहा वर्षं मायक्रॉनच्या हिशेबात काम करणाऱ्या माणसाला पुठ्ठा. माझं डोकं तापलं. चार दिवस कसेबसे काढले आणि पाचव्या दिवशी कॅमेरा काढून आईचा फोटो घेतला. चेहरा मोठा यावा म्हणून कमरेपासून वर. फोटो धुऊन आला तसा आईने तो हातात घेतला, उलटा करून पाठीमागेही पाहिलं.

"माझं पाय कुठं हायेत?"

"आई, फोटो असाच काढतात."

"आसा व्हय. साडीचं काठ न्हाईत, जोडवी न्हाईत. निम्मी बाई काढलीस आन् म्हनं फोटू."

त्यावरून मी माझा धडा घेतला: माणसाला फोटोत सगळं हवं असतं. दत्तोबांचा पुठ्ठा माळ्यावर गेला.

आता भीमराजचं. दापोडीला जयंतीच्या कार्यक्रमात त्याने कस्तुरा पाहिली. व्यासपीठावर तिचे वडील अण्णासाहेब भाषण करत होते. ते शाळामास्तर, आणि पंचक्रोशीत त्यांच्या भाषणाशिवाय कार्यक्रम होत नसे. त्या दिवशी माईक सारखा शिट्टी मारत होता. अर्धा तास झाला तरी कुणी उठेना. शेवटी बायकांच्या बाजूने एक मुलगी उठली, माईकचा स्टँड कर्ण्यापासून दोन हात लांब सरकवला आणि परत जागेवर जाऊन बसली. शिट्टी थांबली.

"भावा," भीमराज मला सांगत होता, "अख्ख्या मंडपात दोघांनाच त्रास होत होता. मी बसून राहिलो, ती उठली."

भीमराज एका दमात एवढं बोलला तेव्हाच मी ओळखलं, पाणी डोक्यावरून गेलंय. त्याच्या आईने, गिरजाबाईंनी, मध्यस्थ घातला. अण्णासाहेबांचा निरोप आला: आधी मुलाचा फोटो पाठवा, मग बघू. आणि फोटो काढणारा तर घरचाच होता.

सुट्टी आमची गुरुवारची, पण मला कुठला दम. रविवारी सेकंड शिफ्टच्या आधी, भर बारा वाजता, चिंचवड स्टेशनजवळ एक स्कूटर झाडाशेजारी उभी दिसली. भीमराजला मी माझा पांढरा टेरिलीनचा शर्ट आणि कुणाचा तरी गॉगल घालून आणलं होतं.

"ही कुणाची?" त्याने विचारलं.

"कुणाची का असेना. बनवली तर आपणच ना? तूच ऐकून पास केली असशील. ठेव हात."

त्याने हात ठेवला, पण चोराच्या आळंदीला गेल्यासारखा चेहरा करून. मी वाकून काचेत बघितलं. आमच्या खात्यात एक शिस्त आहे. कुठलाही तुकडा हातात आला की आधी त्यावर कोरलेला नंबर वाचायचा, मगच मोजायला घ्यायचं. सहा वर्षांची सवय. नजर आपोआप अक्षरांवर गेली, नंबरप्लेट लख्ख दिसेपर्यंत मी कॅमेऱ्याचं फोकसचं चाक फिरवलं आणि खटका दाबला.

फोटो आला. नंबरप्लेटवरचा एकूण एक आकडा सुईने कोरल्यासारखा. मागे एक पुसट माणूस, त्याचा शर्ट पांढराफेक आणि चेहऱ्याच्या जागी काळा ठिपका, वर गॉगल. मला फोटो आवडला, हे सांगायला आज लाज वाटते. दत्तोबांना न दाखवताच मी तो पाकिटात घालून पाठवला.

आठव्या दिवशी तेच पाकीट परत आलं. आत फोटो आणि मास्तरी अक्षरात एक चिठ्ठी:

"स्कूटर आमच्या हेडमास्तरांची आहे. मागच्या एका रविवारी ते ती घेऊन चिंचवडला मुलीकडे गेले होते, ही खात्री करून घेतली. मुलगा कोण आहे हे मात्र फोटोवरून कळत नाही. नमस्कार."

भीमराजने चिठ्ठी कॅन्टीनमध्ये वाचली, घडी घालून खिशात ठेवली. मी म्हटलं, "राव, चूक माझी आहे." तो म्हणाला, "हात मी ठेवला ना." बस्स. त्या दिवशी शिफ्टभर त्याने एकही स्कूटर परत पाठवली नाही, कारण त्याचं ऐकण्याकडे लक्षच नव्हतं. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. न बोलणाऱ्या माणसाचं नुकसान केलं की ते आपल्यालाच जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच दापोडीला गेलो. अण्णासाहेब खुर्चीत बसले होते. मी गुन्हा कबूल केला. त्यांनी मला सत्य या विषयावर अर्धा तास सुनावलं. आतल्या दाराशी कस्तुरा शिलाई मशीन चालवत होती आणि ते मशीन दर फेऱ्याला एकदा किर्र करायचं. अण्णासाहेब त्याच्यावर आवाज चढवून बोलायचे, मशीन थांबलं तरी तेवढ्याच मोठ्याने.

"येत्या रविवारी खडकीचा मुलगा येतोय," ते शेवटी म्हणाले. "बँकेत आहे. त्याच्या फोटोत तो दिसतो."

उंबऱ्यात त्यांची आई, सोजरबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पोरगं दिसलंच न्हाई म्हनून न्हाई म्हनायचं, ही कुठली रीत? दुसरा फोटो आन बाबा. बिनगाडीचा."

"शनिवारपर्यंत," अण्णासाहेब म्हणाले.

मशीन तेवढ्यापुरतं थांबलं होतं. मग पुन्हा किर्र सुरू झालं.

तिथून सायकल थेट चिंचवडला. दत्तोबांपुढे मी तो फोटो ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, खूप वेळ पाहिलं.

"नंबरप्लेट छान आलीय," म्हणाले.

मी मान खाली घातली. मग त्यांनी मला दारात नेलं, माझा तळहात आधी उन्हात धरला, मग छपराखालच्या सावलीत. उन्हात बोटांच्या मधल्या रेषा काळ्या आणि बाकीचा हात भाजलेला. सावलीत सगळा हात होता तसा, शांत.

"बाराच्या उन्हात कुणीही चोर दिसतो. सावलीत आण त्याला, पण उघड्या आकाशाकडे तोंड करून. आणि उजेड किती हवा ते चेहऱ्याला विचार, शर्टाला नाही. शर्ट पांढरा की तू घाबरून उजेड कमी करणार आणि सावळा माणूस काळाठिक्कर येणार. त्याचाच शर्ट घालू दे त्याला."

"आणि फोकस?"

"डोळ्यावर. बाकी सगळं पुसट आलं तरी चालतं."

"तो कॅमेऱ्यापुढे लाकूड होतो, दत्तोबा."

"होणारच. कॅमेऱ्याकडे बघणारा माणूस परीक्षेला बसलेला असतो. त्याला जे येतं ते करताना पकड."

मी माळ्यावरून पुठ्ठा काढला. आता तो घेऊन कंपनीत फिरायला लागलो. कॅन्टीनमध्ये लोक म्हणाले, इन्स्पेक्शनवाल्याने आता माणसं रिजेक्ट करायला घेतली. म्हणू दे. बुधवारी मी लाइनच्या टोकाला उभा राहिलो आणि पुठ्ठ्यातून भीमराजकडे बघितलं. आधी वरचे पाइप सोडले. मग फोरमन सोडला. मग डोळ्याच्या जवळ असलेला पुठ्ठा पुढे सरकवत सरकवत स्कूटरही सोडली. चौकटीत राहिली फक्त एक कलती मान आणि ऐकणारा चेहरा. चार वर्षं रोज बघत होतो आणि हा माणूस दिसायला इतका चांगला आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पण कंपनीत कॅमेरा न्यायला बंदी. गुरुवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. गॅलरीत ऊन येत नव्हतं, समोर मोकळं आकाश. कंपनीचा निळा शर्ट. उजेड चेहऱ्याचा मोजला, फोकस डोळ्यावर. सगळं पाठ केल्याप्रमाणे. आणि भीमराज लाकूड.

"किक मारलीस असं समज."

त्याने पाय उचलला.

"पाय नको. नुसतं ऐक."

"काय ऐकू?"

काही नसताना तो ऐकणार तरी काय. अकरा फोटो गेले. अकराही गेटपासला लावावेत असे. मी विनोद सांगितले, मग चिडलो, मग हात जोडले. गिरजाबाई दोनदा चहा देऊन गेल्या. रोलवर शेवटचा एक राहिला आणि मी म्हणालो, "भावा, माझ्याच्याने होत नाही. मला माफ कर."

तेवढ्यात खाली पिठाची गिरणी सुरू झाली.

भीमराजची मान कलली. डोळे कुठेतरी लांब गेले, कपाळावर एक बारीक आठी आली आणि तोंड अगदी मऊ पडलं. पुठ्ठ्याच्या सवयीने माझे हात आपोआप सरकले. तो जिकडे ऐकत होता तिकडे जागा सोडली. खटका दाबला.

"गिरणीचं बेअरिंग जातंय," भीमराज म्हणाला. "सांगून येतो त्यांना." आणि तो जिना उतरून गेलाही.

दत्तोबांनी प्रिंट पाण्यातून काढली, लाल दिव्याखाली धरली. मग विचारलं, "काय ऐकू येतंय रे याला?" त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी पुढे कधी ऐकली नाही.

शनिवारी मी फोटो नेऊन दिला. अण्णासाहेब तो हात लांब करून बघत राहिले. "ऐकून घेणारा मुलगा दिसतोय," म्हणाले. भाषण करणाऱ्या माणसाला आणखी काय हवं. सोजरबाई म्हणाल्या, "डोळं बरं हायेत." कस्तुराने फोटो घेतला तो आत नेला आणि परत आणून दिलाच नाही.

"उद्या सकाळी या," अण्णासाहेब म्हणाले. "बँकवाले चारला येणार आहेत."

रविवारी आम्ही तिघं गेलो; गिरजाबाई, भीमराज आणि गळ्यात कॅमेरा अडकवून मी. वाटेत मी भीमराजला पढवलं होतं. फोटोबद्दल विचारलं तर सांग, रेडिओवर गाणी लागली होती. छाप पडते.

आम्ही पोचलो तेव्हा कस्तुरा शेजारणीचा ब्लाउज संपवत होती. किर्र, किर्र. आम्हाला बघून उठली. पोहे आले. अण्णासाहेबांनी पगार विचारला, शिक्षण विचारलं, मग बोलता बोलता शिक्षणावर भाषणच सुरू झालं. भीमराज पोह्यांची बशी धरून बसला होता. दम घ्यायला थांबले तेव्हा अण्णासाहेब म्हणाले, "कस्तुरा, तुला काही विचारायचंय?"

तिने आतून फोटो आणला.

"यात काय ऐकत होता?"

मी त्याच्या पायावर पाय दिला. रेडिओ, लेका, रेडिओ.

भीमराजने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पिठाची गिरणी," तो म्हणाला. "बेअरिंग जात होतं."

गिरजाबाईंनी डोळे मिटले. माझ्या मनात आलं, गेलं. माणूस फोटोत राजा दिसतो आणि तोंड उघडून गिरणीवाला होतो. खडकीची बँक चारला येणार आणि घेऊन जाणार.

कस्तुरा फोटोकडे बघत होती. "मग आमच्या मशीनचं काय जातंय?"

"मघाशी चालवत होता ना, ते?" भीमराज सरळ बसला. "मोठं काही नाही. दर फेऱ्याला एकदाच वाजतं, म्हणजे खालून, बॉबिनच्या तिथून. धागा अडकलाय. आणि मोठ्या चाकाला तेल नाही."

"बघता?"

बशी खाली ठेवून तो उठला. दोघं मशीनपाशी वाकली. तिने सुईखालची पट्टी सरकवली, त्याने हेअरपिन मागितली, तिने केसातली काढून दिली. काळं पडलेलं धाग्याचं गुंतवळ बाहेर आलं. तेल घातलं. मग तिने उभ्यानेच चाक हाताने फिरवलं, आणि दोघांनी एकदमच मान कलती केली. दोघांचीही एकाच बाजूला.

आवाज नव्हता. मशीन नुसतं चालत होतं.

मी उजेड मोजला नाही, पुठ्ठा आठवला नाही, काहीच केलं नाही. नुसता खटका दाबला.

"दोन महिने सांगतेय," कस्तुरा वडिलांना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "घरात कुणाला ऐकूच येत नव्हतं." आणि मग, जरा थांबून, "अण्णा, बँकवाल्यांना निरोप पाठवा. चारला येऊ नका म्हणावं."

अण्णासाहेबांनी बोलायला तोंड उघडलं. सोजरबाईंनी त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली.

तो शेवटचा फोटो मी दत्तोबांकडे नेला तेव्हा त्यांनी तो टेबलावर ठेवून पेन्सिलीने दाखवायला सुरुवात केली. खिडकी मागे असल्याने अर्धा फोटो जळालाय. कॅलेंडर मुलाच्या डोक्यातून उगवलंय. म्हातारीचा नुसता हात आलाय, बशीसकट. मास्तर हलले आहेत, कारण ते बोलायच्या बेतात होते. दहापैकी तीन.

मग चष्मा पुसला आणि न सांगता त्याची मोठी प्रिंट काढायला घेतली.

ती प्रिंट लग्नात द्यायच्या आधी मी आईला दाखवली. तिने नेहमीप्रमाणे उलटी करून पाठीमागे पाहिलं, पुन्हा सरळ केली.

"दोघांचंबी पाय न्हाईत," ती म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली. "ऱ्हाऊ दे. पाय नसलं तरी चालतंय ह्यात."